लाभार्थी : २६०

पैसे देणाऱ्या कंपनीला पाठवायच्या पहिल्याच मासिक अहवालात ‘लाभार्थी’ या रकान्यात मी २६० लिहिलं. डायलिसिसची पाच मशीनं, दिवसाला दोन शिफ्ट, महिन्याचे २६ दिवस. गुणाकार चोख होता. फक्त ती २६० माणसं नव्हती, २६० खेपा होत्या. खुर्चीवर येऊन बसणारी माणसं वीसच. तीच ती, आठवड्यातून तीनदा. सीएसआर बघणाऱ्या बाईंनी फोन करून कौतुक केलं, मी ‘थँक्यू मॅडम’ म्हणालो आणि पुढच्या महिन्यातही तोच आकडा टाकला.

भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत मी आयुष्यभर पर्चेस बघितलं. प्रेस विकायला कुणी आला की किंमत मी शेवटी विचारायचो. आधी एएमसी किती, स्पेअर कुठून येणार, ब्रेकडाउन झालं तर तुमचा माणूस किती तासांत पोचणार. निवृत्त झाल्यावर मित्रांच्या छोट्या ट्रस्टचा खजिनदार झालो, चाकणजवळ डायलिसिस सेंटर काढायचं ठरलं, आणि यातला एक प्रश्नही तोंडातून निघाला नाही. फुकट मिळणाऱ्या मशीनचे दात मोजायचे नसतात, असंच काहीतरी डोक्यात असावं.

पैसे मिळायला त्रास पडला नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५मुळे मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, आणि आमच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना तोटा नाही. पण देणाऱ्याला मशीन आवडतं. मशीनवर पाटी बसते, फीत कापता येते. टेक्निशियनच्या पगारावर पाटी कुठे ठोकणार? पगाराचं, डायलायझरचं, विजेचं मी विचारलंच नाही. विचारलं तर मशीनंही हातची जातील ही धास्ती. मंजुरी घेतली ती एका आर्थिक वर्षाची. २०२१च्या नियमांप्रमाणे काम सुरू केल्याचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प मांडता येतो, हे एका सीएने सांगितलं तेव्हा अर्ज जाऊन दीड वर्ष झालं होतं. पर्चेस ऑर्डरच्या पाठीमागच्या बारीक अटी वाचण्यात मी प्रसिद्ध होतो, हे इथे नमूद केलेलं बरं.

पुढचा खर्च कसा भागणार, असं एका विश्वस्ताने विचारलं होतं. त्याला मी मदुराई ऐकवली. अरविंद नेत्रालय तिथे १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी सुरू केलं. ऐपत असलेल्यांनी पैसे द्यायचे, त्यात नसलेल्यांचं ऑपरेशन निघायचं. पुढे १९९२मध्ये डोळ्यात बसवायच्या भिंगांचा स्वतःचा कारखानाही काढला. आपणही तसंच करू, असं मी ठासून म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

यात दोन घोटाळे होते. पैसे देणारा पेशंट विम्याचं कॅशलेस कार्ड घेऊन सरळ चिंचवडच्या मोठ्या हॉस्पिटलात जातो. तो चाकणच्या गाळ्यात कशाला येईल? दुसरा घोटाळा कळायला मात्र वेळ लागला. मोतीबिंदू एकदा काढला की संपला. खाट रिकामी, पुढचा पेशंट आत. डायलिसिसचा पेशंट आज घेतला तर वर्षात १५६ वेळा येणार, पुढच्या वर्षीही येणार. एकविसावा माणूस दारात उभा राहिला तेव्हा मी टेक्निशियनला विचारलं, खुर्ची कधी रिकामी होईल? तो माझ्याकडे बघत राहिला. किडनी मिळाली तर, नाहीतर कुणी गेलं तर. वीस घरांना मी जन्मभराचा शब्द दिला होता, आणि बँकेत त्यासाठी ३१ मार्चपर्यंतचे पैसे होते.

मदुराईच्या जोडीला माझ्याकडे मुंबईही होती. तिथलं टाटा हॉस्पिटल १९४१ साली दोराबजी टाटा ट्रस्टने उभं केलं. १९५७मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. ही माहिती मी उद्घाटनाच्या भाषणात दानशूरपणाचा दाखला म्हणून सांगितली होती. टाटांनी उभारलेलं हॉस्पिटलसुद्धा पुढे सरकारच्या खांद्यावर गेलं, हा त्यातला अर्धा भाग माझ्याच भाषणात मला ऐकू आला नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. एका वेळच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि आरओ प्लांट तेवढं देण्यासाठी आणखी कितीतरी पाणी वाया घालवतो. आमच्याकडे टँकर. बोअरचं जड पाणी. मेम्ब्रेन वेळेआधीच गेली आणि त्या महिन्याची शिल्लक घेऊन गेली.

वेळापत्रक लावतानाही हसं झालं. गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी, इथला रविवार. पेशंटला आणायला घरातला कमावता माणूस त्याच दिवशी मोकळा, त्यामुळे प्रत्येकाला गुरुवार हवा. मी सोमवार-बुधवार-शुक्रवारची बॅच आधी भरून टाकली होती. त्या बॅचच्या मुलांनी खाडे करून आईबापांना आणलं, आणि ठेकेदाराकडच्या माणसाचा खाडा म्हणजे पगार गेलाच.

पण सगळ्यात जास्त लाज वाटते ती फॉर्मची. आमच्या फॉर्मवर आधार होतं, रेशनकार्ड होतं. मुलगा कुठे कामाला आहे, त्याच्या पगारातून ईएसआय कापतात का, हा प्रश्न नव्हता. २१ हजारांपर्यंतच्या पगारातून कामगाराचे ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि त्यात कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचे उपचारही येतात. काउंटरवरच्या मुलीने एकदा गप्पांच्या ओघात एकाची पगाराची स्लिप बघितली, मग इतरांच्याही मागवल्या. वीसपैकी तिघांचा हक्क आधीच भरलेला निघाला. त्यांनी स्वतःच्या घामाने कमावलेली गोष्ट आम्ही त्यांना दान म्हणून देत होतो, वर फोटो काढून घेत होतो. त्या तिघांचे कागद करून दिले. रेशनकार्ड असलेल्या काहींना सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत वायसीएम हॉस्पिटलचा रस्ता दाखवायला हवा होता, तोही उशिराच दाखवला.

एप्रिल उजाडला आणि मंजुरी आली नाही. कंपनीने त्या वर्षी शाळा घेतल्या होत्या. तिचं काहीच चुकलं नव्हतं. पुढच्या वर्षाचं कुणी लिहूनच घेतलं नव्हतं. आम्ही सगळ्यांचं तीनदाचं दोनदा केलं. हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. प्रेस शॉपमध्ये उभं आयुष्य काढलेल्या एका पेशंटच्या बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, मग यांना पाणी अजून कमी द्यायचं का?” आधीच दिवसाचं पाणी मोजून, लिटरभर. बाहेर चाळीस डिग्री. मी डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालो. उत्तर मला माहीत होतं.

आता अहवालात पेशंट वेगळे आणि खेपा वेगळ्या लिहितो. आकडा लहान दिसतो, दोन कंपन्यांनी तो बघून नाही म्हटलं. नवीन मशीन देऊ करणाऱ्या एका मंडळाला मीच नाही म्हणालो, त्यावरून ट्रस्टमध्ये भांडण झालं, एक मित्र अजून बोलत नाही. तिसरी खेप सगळ्यांना परत मिळालेली नाही, फक्त अकरा जणांना.

त्यातल्या एकाची भोसरीतला एक वर्कशॉपवाला भरतो. चार लेथचा मालक. पाटी नको म्हणाला, पावती मात्र मागितली. “किती वर्षं द्यायचे, साहेब?” म्हणाला. मी म्हणालो, “पेशंट आहे तोवर.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग मोबाइलवर हिशोब केला आणि म्हणाला, “दोघांचं नाही झेपणार. एकाचं लिहा.”