अंगणातली नजर

माणदेशातल्या आमच्या गावात शाळकरी पोराला चष्मा असणं म्हणजे अप्रूप. बदलून आलेल्या मास्तरांच्या मुलाला तो होता आणि अख्खी शाळा त्याला ‘ढापण्या’ म्हणून हाक मारायची. आता पुण्यात नातीच्या वर्गाचा फोटो हातात घेतला की प्रत्येक रांगेत चष्मे दिसतात. ‘आमच्या वेळी डोळे कसे खणखणीत होते,’ असं मग कुणीतरी म्हणतंच. मला मात्र तेव्हा आमच्या आळीतला एक पोरगा आठवतो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. रेशनवर लाल मिलो, शाळेत सुकडी, आणि भाजीपाला डोळ्यांनाही दिसत नव्हता. हा पोरगा दिवसा विटी अशी टोलवायचा की सगळे बघत राहायचे. पण दिवेलागण झाली की घरच्याच उंबऱ्याला अडखळायचा. त्याची आई सूर्य बुडायच्या आत त्याला जेवायला वाढायची. उशीर झालाच तर तो भाकरीच्या कडेवरून बोटं फिरवत फिरवत कोरड्यासाच्या वाटीपर्यंत पोचायचा. जवळून पाहिलं तर त्याच्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, साबणाच्या फेसासारखा पांढुरका ठिपका होता. घरच्यांना वाटे, नजर लागली.

तो रातांधळेपणा होता. अ जीवनसत्त्व पोटात गेलं नाही, तर अंधुक उजेडात पाहण्यासाठी लागणारं द्रव्य डोळ्यात तयार होत नाही. एवढ्यावर निभावलं तर नशीब. अशा पोराला गोवर निघाला तर बुबुळच नासायचं आणि कायमचं फूल पडायचं. फूल पडलेल्या डोळ्याची माणसं तेव्हा गावोगाव असत.

सरकारने अ जीवनसत्त्वाचा कार्यक्रम १९७० साली सुरू केला होता. आमच्याकडे नर्सबाई यायच्या, पिशवीतून तपकिरी बाटली आणि मापाचा चमचा काढायच्या आणि पोरांचे गाल दाबून तेलकट, पिवळं औषध घशात उतरवायच्या. त्यांनी त्या पोरालाही डोस दिला आणि दोन-तीन दिवसांत तो चांदण्यात आमच्याबरोबर लपंडाव खेळू लागला. मोठ्यांनी त्याला चमत्कार म्हटलं. आज नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर पहिला, एक लाख युनिटचा डोस देतात. मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा. अंगणवाडीतल्या त्या चमच्याने किती पोरांच्या संध्याकाळी परत दिल्या, हे आजच्या आयांना कुणीतरी सांगायला हवं.

काजळाबद्दल बोलताना माझा जीव अडकतो. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथं घातलेलं तांब्याचं ताट, धरलेली काजळी खरवडून तुपात कालवणारी आजी. तो वास अजून नाकात आहे. पण तेच बोट घरातल्या सगळ्या पोरांच्या डोळ्यांतून फिरायचं, चिपडं धरलेल्या डोळ्यांतूनसुद्धा. खुपऱ्या अशाच एकाच्या दुसऱ्याला होत. माश्या होत्याच, आणि तोंड धुवायला पाणी नव्हतं. भारतातल्या खुपऱ्या सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा मला आजीचं बोट आठवलं. बाळाला तीट लावावी, गालावर. डोळ्यात काही घालू नये, बाजारातला सुरमा तर नाहीच. त्यात शिसं असू शकतं.

मुलींचं आणखी वेगळं. फळा दिसत नसला तरी मुलीला चष्मा करत नसत; ‘बघायला येणारे काय म्हणतील?’ माझी मावसबहीण शेजारणीच्या वहीतून उतरवत सातवीपर्यंत गेली आणि तिथेच तिची शाळा सुटली. ती ‘ढ’ आहे असंच सगळे धरून चालले. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज तर अजून गेलेला नाही.

हे सगळं मला परत नको. पण त्या काळातलं अंगण मला हवं आहे. शाळा सुटली की दप्तर फेकून अंधार पडेपर्यंत आम्ही बाहेर. रात्री आजोबा सप्तर्षी दाखवत आणि वसिष्ठाजवळची बारकी अरुंधती कुणाला दिसते ते विचारत. दिसली की शाबासकी. आम्ही सगळे तिच्यावर बोट ठेवायचो.

वाढत्या वयात डोळ्यावर बाहेरचा लख्ख उजेड पडला की दृष्टिपटलात डोपामिन सुटतं आणि ते बुबुळामागचा गोल प्रमाणाबाहेर लांबू देत नाही, असं आता संशोधक मानतात. तो गोल एका मिलिमीटरने लांबला तरी सुमारे अडीच ते तीनचा उणे नंबर येतो. झाडाच्या सावलीतही वर्गातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचं ठरवलं आणि तिथल्या प्राथमिक शाळांतलं कमजोर नजरेचं वाढत चाललेलं प्रमाण काही वर्षांत उतरू लागलं.

आमच्या नातीचा नंबर दर सहा महिन्यांनी तपासतो. चष्मा तिला शोभतो आणि तो ती आनंदाने लावते. पण परीक्षा जवळ आली की तिच्या शाळेत पीटीचा तास गणिताला दिला जातो, मग घरी अभ्यास, मग मोबाइल. गेल्या पालकसभेत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, वेळापत्रक मात्र तेच राहिलं. पुढच्या सभेला मी पुन्हा जाणार आहे, आणि तो तास पोरांसाठी मागून घेणार आहे.