बसलेल्यांचा खेळ

खो-खो पाहायला गेलेला मनुष्य पळणाऱ्यांकडेच पाहतो. एक खेळाडू खांबाला वळसा घालते, दुसरी तिच्यामागे सूर मारते आणि आपण टाळी वाजवितो. मधल्या पाटीवर आठजणी बसलेल्या असतात, त्यांची आठवण कुणाला होते? पण गेल्या हिवाळ्यात एका नववीतल्या मुलीबरोबर मी अमरावतीला सामना पाहिला, आणि तेव्हापासून माझी नजर त्या बसलेल्यांवरच खिळते.

ही माझी विद्यार्थिनी नेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी थोडी कोरडवाहू जमीन. कपाशी नि तूर. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा मुलींचा संघ हे तिचे दैवत. या दैवताचे दर्शन तिला आजवर घडले होते ते मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर. वहीच्या शेवटच्या पानावर तिने आठ चौकोन काढले होते आणि कोणत्या चौकोनात कोण बसते तेही लिहून ठेवले होते. बीजगणिताच्या वहीत इतके बिनचूक पान दुसरे नव्हते!

तिला न्यायचे म्हणून मी तिच्या आईला विचारायला गेले. आई नुकतीच कापूस वेचून आली होती. ती म्हणाली, "न्या नं बाई. पन दहावीपावतर हाय तिचं खेळणं. मंग का करते खेळून?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कापसाचा भाव सांगावा इतक्या सहज तिने ते सांगितले. तिला तरी दोष कसा द्यावा? तिच्या गावात वीस वर्षांची बाई पळते ती एस.टी. चुकू नये म्हणून, नाही तर बैल सुटला म्हणून. मी मॅट्रिक झाले त्याच उन्हाळ्यात माझी उड्या मारायची दोरी कुणी तरी कपडे वाळत घालायला बांधली होती. आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते.

नांदगाव खंडेश्वर, बडनेरा करीत आमची गाडी निघाली. २०२३ सालापासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे. कंडक्टरने दोघींच्या हातांवर अर्धी-अर्धी तिकिटे ठेवली तेव्हा ती हसून म्हणाली, "बाई, आपण दोघी मिळून एकच झालो!"

मंडळाच्या आवारात शिरताना माझ्यातली मास्तरीण जागी झाली. ही संस्था १९१४ सालची. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकाने आपले देशी खेळ तिथे करून दाखविले, असे मी तिला सांगू लागले. पण तिचे कान जागेवर नव्हते. मैदानावर चुना पडला होता आणि तिच्या दैवताच्या मुली वेण्या आवळीत होत्या.

त्यांतल्या एकीने गळ्यातले मंगळसूत्र काढले, रुमालात गुंडाळले आणि कडेला बसलेल्या मैत्रिणीच्या हाती दिले. मग ती धावत जाऊन आपल्या चौकोनात बसली.

माझी विद्यार्थिनी कितीतरी वेळ त्या रुमालाकडे पाहत होती. शेवटी हळूच म्हणाली, "बाई, यांचं लगन झालं?"

"झालेलं दिसतं."

"अन् तरी खेळतेत?"

मी उत्तर दिले नाही. उत्तर समोर बसले होते.

सामना सुरू झाला. खो-खोचा कायदा मोठा कडक आहे. शेजारशेजारच्या दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की माघारी वळायचे नाही, आणि मधली पाटी ओलांडून पलीकडेही जायचे नाही. पलीकडची पळणारी हवी असेल तर तिकडे तोंड करून बसलेल्या सोबतिणीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचे, आणि ती उठली की तिच्या रिकाम्या जागी आपण बसायचे. जिला खो मिळतो तिला मागून कोण येते ते दिसत नाही. पण थाप पडताक्षणी ती उठलेली असली पाहिजे.

"बाई, पळणाऱ्या नका पाहू. बसलेल्यांचे पाय पाहा," असे म्हणून तिने माझी बाही ओढली.

मी पाहिले. एकीचीही टाच जमिनीला टेकलेली नव्हती. बोटे मातीत रोवलेली, मान पळणाऱ्यांबरोबर फिरणारी.

"आपल्या पोरी बसतेत तं बसूनच रायतेत. ह्या बसल्या बसल्या पयतेत!"

सामना तिच्या संघाने जिंकला. नंतर मी तिला पुढे ढकलले, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. रुमाल सोडणाऱ्या त्या खेळाडूनेच विचारले, "कितव्या चौकोनात बसतेस?" ही म्हणाली, "तिसऱ्या." "चांगली जागा आहे," एवढेच ती बोलली. परतीच्या प्रवासात जिंकल्याची गोष्ट एकदाही निघाली नाही. त्या तीन शब्दांची मात्र तीनदा निघाली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरविले. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्याच महाराष्ट्राची. हे सारे या पोरीला तोंडपाठ आहे. पण विश्वचषक फार दूरचा. त्याने दहावीनंतरचे काही कळत नाही. ते कळायला अर्ध्या तिकिटाच्या अंतरावर बसलेली, गळ्यातले सोडून खेळणारी बाईच दिसावी लागते.

घरी पोचविताना मुलीने आईला रुमालाची हकीकत सांगितली. आई बराच वेळ गप्प राहिली. मग मला म्हणाली, "तिची सासू का म्हनते?"

ते मला कुठे ठाऊक असणार? पण 'दहावीपावतर' हा शब्द त्या संध्याकाळी तिने काढला नाही. पुढे काढणार नाही, असे मी छातीठोक सांगू शकत नाही.

मुलगी आता दहावीत आहे. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसते. फळ्यावर लिहिता लिहिता मी मागे वळून पाहते, तेव्हा तिची एक टाच वर असते.