सागरमाळाचं देणं

कोल्हापूरच्या सागरमाळावरचा वारा दमत नाही. साठ वर्षांपूर्वी इथे कुसळं होती, खडक होता, पाण्याचा पत्ता नव्हता. अशा साडेआठशे एकर माळावर विद्यापीठ उभं करायचं धाडस ज्यांनी केलं, ते राजकारणी होते. हे मी मुद्दाम सांगतो. ‘विद्यापीठात राजकारण नको’ हे वाक्य कोल्हापुरात चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत ऐकू येतं, आणि दर वेळी मी अस्वस्थ होतो. शिवाजी विद्यापीठ राजकारणाच्याच पोटी जन्मलं.

18 नोव्हेंबर 1962. उत्तरेला चीनशी युद्ध चालू होतं, देश हादरलेला होता, आणि अशा वेळी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात या विद्यापीठाचं उद्घाटन झालं. यशवंतराव चव्हाण त्याच सुमारास मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षण खातं सांभाळायला दिल्लीला गेले. युद्धाच्या दिवसांत खर्च टाळायला कारण शोधावं लागत नाही. तरीही कुणी ‘पुढे बघू’ म्हणालं नाही. त्याआधीच बाळासाहेब देसाईंनी शिक्षणमंत्री म्हणून ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, फीमाफी आणली होती. गरीब कुळवाड्याचा मुलगा कॉलेजच्या दारात येणार हे त्यांनी ओळखलं होतं, आणि तो पुढे शिकायचा तर विद्यापीठ त्याच्या गावापासून एस.टी.च्या अंतरावर हवं, हेही. पहिले कुलगुरू झाले इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार.

या सगळ्याच्या मागे कोल्हापूरचा दसरा चौक आहे, बोर्डिंगांचा चौक. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं. मग जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. नुसती इमारत बांधून ते थांबले नाहीत. जागा दिल्या, अनुदानं लावून दिली, म्हणजे महाराज असोत-नसोत, पोरांच्या ताटात भाकरी पडेल अशी तजवीज केली. 1902 मध्ये त्यांनी निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखल्या, त्याचंही मर्म हेच होतं. शिकवायचं तर शिकलेल्याला जागाही द्यायची. राज्याची तिजोरी कुणासाठी उघडायची, हा निर्णय राजकारणाचा असतो. शाहूंनी तो घेतला होता.

माझे वडील उसाचे शेतकरी, साखर कारखान्याचे सभासद. उसाचं बिल आलं की आई मला कंदिलाजवळ बसवून कपातीचे आकडे वाचायला लावायची. सोसायटीचं कर्ज, पाणीपट्टी, ठेव, आणि टनामागे काही पैसे शिक्षणसंस्थेसाठी. या कपातीवर वडिलांनी कधी कुरकुर केली नाही. पोरं शिकतील, एवढंच म्हणायचे. उसाच्या पट्ट्यातली कितीतरी हायस्कुलं, कॉलेजं अशीच टनामागच्या पैशांवर उभी राहिली, आणि त्यांतली पोरं पुढे सागरमाळावर आली. मीही त्यांतलाच एक. शेतातल्या पैशाचं ज्ञानात रूपांतर करण्याची ही युक्ती या मुलखानं स्वतः शोधली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणत तिचा पाया घातला होता.

मग 1983 आलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. सरकारकडे नवी इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला पैसा नाही, मराठी पोरं देणग्या भरून कर्नाटकात जातात, तर इथेच विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी द्यावी, असा तो निर्णय. त्यामागची तळमळ मला खोटी वाटत नाही. त्या कॉलेजांतून शिकलेले हजारो इंजिनिअर आज पुण्यात आणि परदेशात आहेत. पण त्या दिवसापासून या भागातल्या नेतृत्वाचं लक्ष हळूहळू माळावरून उठलं. ज्यांच्या हातात कारखाना, बँक आणि मतदारसंघ होता त्यांच्याच हातात कॉलेजं आली, पुढे अभिमत विद्यापीठं आली, खासगी विद्यापीठं आली. ज्या सभासदाच्या बिलातून टनामागे पैसे कापले गेले, त्याच्या नातवाला तिथली फी झेपेना. सार्वजनिक विद्यापीठ उरलं ते ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही त्यांच्यासाठी. आणि ज्यांना पर्याय नसतो त्यांचा आवाज मुंबईपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो.

विद्यापीठ चालतं कशावर, हे बाहेर फार कुणाला ठाऊक नसतं. मंजूर पदांचा पगार सरकार देतं. बाकी गाडा बराचसा परीक्षा फी, संलग्नता फी अशा पैशांवर. म्हणजे चंदगडची, जतची, माणची मुलं परीक्षेचा फॉर्म भरतात त्या पैशातून. 2004 मध्ये सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं, 2021 मध्ये साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचं समूह विद्यापीठ झालं. प्रत्येक निर्णयाला त्याचं समर्थन आहे. पण प्रत्येक वेळी इथल्या फॉर्मांची चळत कमी होते, आणि सरकारी तिजोरी ती तूट भरून काढत नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असं कोठारी आयोगानं 1966 मध्ये सांगितलं होतं. ते अजून सांगणंच राहिलं आहे.

माझा भाचा तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. नेट झाला, पीएच.डी. झाली, आणि वर्षानुवर्षं दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत. सुट्टीत मानधन नाही. मे महिन्यात तो गावाकडे भाजीपाला करतो. मागे मी त्याला म्हणालो, “अरे, जागा निघतील.” तो म्हणाला, “मामा, निवृत्त होणाऱ्या सरांना आम्ही निरोप देतो आणि त्यांची खुर्ची तशीच रिकामी राहते. वर्गात पोरं विचारतात, सर, पुढच्या वर्षी तुम्हीच असणार का? त्यांना काय सांगू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळिशीला आलेल्या माणसाला दर वर्षी नव्यानं उमेदवार करून ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो काटकसर म्हणून केला जातो.

मार्च 2025 मध्ये विद्यापीठाच्या नामविस्तारासाठी शहरात मोर्चा निघाला. शिवाजी महाराजांचं नाव लोकांच्या तोंडी पूर्ण राहावं, त्याची आद्याक्षरं होऊ नयेत, म्हणून संस्थापकांनी ते सुटसुटीत ठेवलं होतं, असं इथली जुनी माणसं सांगतात. दोन्हीकडच्या भावना मी समजू शकतो. पण रिकाम्या पदांसाठी प्राध्यापक रस्त्यावर बसतात तेव्हा पेठा-तालमी उतरत नाहीत, हे मला लागतं.

या माळानं मात्र गावाला पाठ दाखवलेली नाही. विद्यापीठानं आवारात तळी केली, पाऊस अडवला, पाणी शुद्ध करायची सोय केली. 2019 च्या महापुरात शहर पाण्यात बुडालेलं आणि प्यायला थेंब नाही, तेव्हा या कोरड्या माळावरून लोकांना पाणी गेलं.

म्हणून मला राजकारण हवं आहे. पदवीधर गटातून अधिसभेवर जाणाऱ्यांचं आणि विधानसभेत जाणाऱ्यांचंही. मतं मागायला जो कुणी आमच्या दारात येईल त्याला मी चहा देईन, समोर बसवीन आणि वडिलांच्या उसाच्या बिलांची फाईल त्याच्यापुढे ठेवीन. टनामागच्या त्या पैशांपासून सुरुवात करू, म्हणेन. मग इतिहास विभागात किती जागा मंजूर आहेत, किती भरल्या आहेत आणि उरलेल्या कधी भरणार, ते तारखेसह सांगा.