दोन रेघा आणि फवारणीचा ड्रम

काल सकाळी किटवर दोन रेघा आल्या. नेमकी कपाशीची फवारणी ठरलेली, अन् औषध कालवायचं काम दरवर्षी माझंच. ह्यांना सांगितलं, "यंदा ड्रमला हात लावणार नाही." मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात खाली झालं. कारण कळलं नाही, पण आता जोखीम नको.

दुपारी आशाताईंकडे नाव नोंदवलं. बारा आठवड्यांच्या आत नोंद करायची असते. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लगेच सुरू, लोहाच्या चौथ्या महिन्यापासून. उद्या आरोग्य केंद्रात रक्त, लघवी, बीपी. अंगावरून जायला लागलं तर थांबायचं नाही, थेट दवाखाना.

फवारणीचे कपडे आता हेच धुतात, वेगळ्या बादलीत. भावांनो, घरात अशी बातमी असेल तर बाईला फवारलेल्या रानात निंदायला पाठवू नका.