सहा फुटांत कुर्डुवाडी

हॉलमधल्या खिडकीखालची भिंत बाबांच्या नावावर झाली आहे. लांबी सहा फूट, रुंदी एक फूट. एका बाजूला गॅलरीचं दार, दुसऱ्या बाजूला टीव्हीचं कपाट. फुटापेक्षा पुढे आलो तर सौ.चा कपडे वाळत घालायला जायचा रस्ता बंद होतो. (तिन्ही अटींत ही सगळ्यात कडक. यावर वाटाघाटी होणार नाहीत असं कळवण्यात आलं आहे.) एवढ्या जागेत आम्हाला मॉडेल रेल्वे बसवायची आहे.

नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, पण बाकीच्यांसाठी सांगतो. बाबा कुर्डुवाडीच्या यार्डात होते. आधी सांधेवाले, मग शंटिंग जमादार. आता वय ७९. आई गेल्यापासून आमच्याकडे पुण्यात असतात. सकाळी नऊच्या आत पेपर वाचून संपतो, शब्दकोड्यासकट. त्यानंतरचा दिवस त्यांना फार मोठा पडतो. बोलून दाखवत नाहीत, पण दिसतं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथे त्यांना घेऊन गेलो. तास-दीड तास अगदी रमले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "छान आहे रे. पण आपल्याला हात लावायचा नसतो ना."

तिथून ही कल्पना निघाली.

आता गणित बघा. मॉडेल रेल्वेतलं सगळ्यात प्रचलित माप म्हणजे एचओ, १:८७. त्याहून लहान एन, १:१६०. आजचा एलएचबी डबा साधारण २४ मीटर लांब असतो. एचओमध्ये तो होतो साडेसत्तावीस सेंटीमीटर. म्हणजे सहा डबे आणि इंजिन उभं केलं की माझी फळी संपली. गाडी आहे, रूळ आहेत, हलायला जागा नाही! एन घेतलं तर जवळजवळ दुप्पट लांबीची गाडी बसते. जागा कमी असेल तर एन घ्या, असं कुणीही जाणकार सांगेल.

पण बाबांच्या उजव्या हाताला बारीक कंप आहे. एन स्केलची वाघीण रुळावर चढवणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं. रोज गाडी रुळावरून उतरली आणि ती चढवायला मला ऑफिसातून यावं लागलं, तर मग ती रेल्वे बाबांची कसली? तेव्हा माप भिंतीवरून ठरवायचं नाही, हातावरून ठरवायचं, हे पहिल्याच दिवशी पक्कं झालं.

दुसरा प्रश्न आकाराचा. मॉडेल रेल्वे म्हटलं की मनात गोल येतो, गाडी फिरतेय फिरतेय. पण एचओमधलं सर्वसाधारण सगळ्यात आवळ वळण ३६ सेंटीमीटर त्रिज्येचं. म्हणजे वर्तुळाला ७२ सेंटीमीटर रुंदी हवी, आणि आमच्याकडे आहे ३०. गोल बाद. बाबांना याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. म्हणाले, "गोल फिरून गाडी येणार कुठे? निघाली तिथेच. मग जमादाराचं काम काय?"

जॉन आर्मस्ट्राँग या अमेरिकन माणसानं १९६३ साली रुळांच्या आखणीवर एक पुस्तक लिहिलं, या छंदातली मंडळी ते अजून उघडतात. त्याची पद्धत साधी आहे. कागदाचे दोन भाग करायचे. एकीकडे जे बदलता येणार नाही ते, दुसरीकडे आपल्याला जे आवडेल ते. आमच्या पहिल्या रकान्यात तीन ओळी झाल्या: भिंत, सौ.चा रस्ता, बाबांचा हात. दुसरा रकाना मी एकट्यानं भरला तर पान पुरेना. भोर घाट, माथेरान, पंढरपूरची वारीची गाडी, कुर्डुवाडीचं स्टेशन, पाण्याची टाकी, आमचं क्वार्टर, क्वार्टरपुढचा कडुनिंब...

बाबांनी त्यात एकच शब्द लिहिला. शंटिंग.

आणि गंमत म्हणजे त्या एका शब्दाचा नकाशा तयारच होता. इंग्लंडच्या उत्तरेला किलहॅम नावाचं एक छोटं सायडिंग होतं. त्यावरून अ‍ॅलन राइट यांनी 'इंगलनूक' नावाची मांडणी केली. फक्त दोन सांधे आणि तीन सायडिंग. एकात ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांत ३-३. पलीकडच्या टोकाला इंजिन आणि ३ वाघिणी उभ्या राहतील एवढाच रूळ. एकूण वाघिणी ८. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या ५ निवडायच्या आणि चिठ्ठीच्या क्रमानं त्यांची गाडी जोडायची. बास. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण नको असलेली वाघीण नेमकी मध्ये अडकलेली असते. ती काढायला दुसरी हलवा, दुसरीला जागा करायला तिसरी. बाबांनी टेबलावर काड्यापेट्या मांडून करून बघितलं आणि चहा गार झाला.

आठातून पाच, क्रमासकट, म्हणजे ६,७२० वेगवेगळ्या गाड्या. रोज एक जोडली तर अठरा वर्षांहून जास्त. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सत्त्याण्णवपर्यंत ड्यूटी लावलीस की माझी."

आता राहिली गाडी कुठली. इथे कुर्डुवाडी स्वतःच मदतीला आली. बार्शी लाइट रेल्वे बऱ्याच जणांनी नुसती ऐकली असेल. अडीच फुटी रुळांची. १८९७ साली कुर्डुवाडी (तेव्हाचं बार्शी रोड) ते बार्शी अशी ती सुरू झाली. १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. १९५४ साली सरकारनं ताब्यात घेतली. मिरज ते लातूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आता हा सगळा मार्ग ब्रॉडगेज आहे.

अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागा. उत्तर येतं पावणेनऊ मिलिमीटर. आणि एन स्केलचा रूळ असतो ९ मिलिमीटरचा! म्हणजे रूळ एनचे घ्यायचे आणि त्यावर वाघिणी एचओच्या चालवायच्या. सांधे आखूड, कमी जागेत बसणारे, आणि वाघीण मात्र बाबांच्या बोटांत मावेल एवढी. या प्रकाराला एचओई म्हणतात. ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या गाड्या असल्यामुळे तिकडे हा प्रकार चांगलाच रुळलेला आहे. (हो, कोटी आहे. माफ करा.)

पुढची सोय एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं करून ठेवली आहे. बार्शी लाइट उभारणारा इंजिनियर तो. त्यानं मालाच्या वाघिणी एकाच २५ फुटी सांगाड्यावर बांधल्या. २५ फूट म्हणजे आमच्या मापात पावणेनऊ सेंटीमीटर, कपलिंग धरून दहा. त्यामुळे हिशोब तोंडी करता येतो. पाच वाघिणींचं सायडिंग ५० सेंटीमीटर, टोकाचा रूळ ४०, सांध्यांना तीसेक. झाले १२० सेंटीमीटर. फळी १८० ची. उरले साठ.

या साठ सेंटीमीटरवरून आमच्या घरात चार दिवस चर्चा चालली.

मला तिथे क्वार्टर हवं होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा, ओट्यावर वाळत टाकलेल्या सांडग्या. आई तिथे बसून गहू निवडायची. अंगठ्याएवढी का होईना, पण ती तिथे दिसावी असं मला फार वाटत होतं. बाबांना हवा होता ट्रान्सशिपमेंटचा धक्का. कुर्डुवाडीला सगळा माल उतरवून चढवावा लागे. एका बाजूला छोट्या लाइनची वाघीण, दुसऱ्या बाजूला मोठ्या लाइनची, आणि मध्ये पोती वाहणारे हमाल. धक्का ठेवला तर क्वार्टर बसत नाही, क्वार्टर ठेवलं तर धक्का बसत नाही. अर्धं-अर्धं करून बघितलं, ते ना घर ना धक्का दिसायला लागलं.

शेवटी बाबा म्हणाले, "धक्का नसेल तर वाघिणी इथे आल्याच कशाला? सगळं शंटिंग फुकट. आणि क्वार्टर यार्डातून दिसत नव्हतं. ड्यूटीवर घर दिसत नसतं." मग थोड्या वेळानं, "कडुनिंबाचा शेंडा मात्र शेडच्या पत्र्यावरून दिसायचा. तेवढा दाखव."

मी यावर वाद घातला नाही. इतके दिवस मी जागा कमी म्हणून काय काय गाळावं लागतंय याची यादी करत होतो. बाबांनी मात्र आधी काम ठरवलं, आणि त्या कामाला लागेल तेवढंच ठेवलं. त्यांच्या हिशोबात काही गाळलंच गेलं नव्हतं. सव्वातीनशे किलोमीटर १:८७ नं लहान केले तरी पावणेचार किलोमीटर होतात, ते कुणाच्याच घरात मावत नाहीत. एका माणसाची एक पाळी मात्र सहा फुटांत मावते.

असो. सध्या वर्तमानपत्राच्या कागदावर खऱ्या मापाचा आराखडा काढून भिंतीखाली पसरलाय. फळी जमिनीपासून अडीच फुटांवर येईल, म्हणजे खुर्चीत बसून हात पोचतो. वाघिणी सोडवायला बांबूची काडी. बार्शी लाइटच्या वाघिणी काही दुकानात मिळणार नाहीत, त्या कार्डशीटच्या करायच्या. एक करून झाली आहे. बाबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि हँडब्रेकचं चाक कुठे आहे म्हणून विचारलं. ते आता लावतोय.

कुणाकडे, विशेषतः सोलापूरच्या आत्याकडे आणि मामांकडे, कुर्डुवाडी यार्डाचे जुने फोटो असतील तर पाठवा. शेडचे खांब लोखंडी होते की लाकडी, यावर बाबांचं आणि त्यांच्या जुन्या सोबत्यांचं फोनवर एकमत होत नाहीये.