अनाथ कोणास म्हणावे?

विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आम्हा माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवावयास घेतला, तेव्हा त्यातील काही वाटा नेपाळमधील अनाथ मुलांसाठी द्यावा, अशी सूचना पुढे आली. ती सर्वांनाच रुचली. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी त्याच भूमीत. धम्मदीक्षेनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, हे आम्ही वसतिगृहातच शिकलो. शिवाय आपल्या शहरांतील कितीतरी इमारतींच्या दाराशी रात्र जागवणारा नेपाळी पहारेकरी आपली लेकरे मागे डोंगरात ठेवून आलेला असतो. तो देश आम्हांस कधी परका वाटला नाही.

निधी कोठे पाठवावा याची चौकशी करू लागलो, तेव्हा ‘अनाथ’ या शब्दापाशीच थबकलो. युनिसेफने २०१५ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार नेपाळमधील बालगृहांत सुमारे १५ हजार मुले होती आणि त्यांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक तरी हयात होते. मग ही मुले तेथे पोहोचली कशी? १९९६ ते २००६ या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल जात. पोरगे शहरात शिकेल, जिवानिशी वाचेल, असे सांगून आईबापांकडूनच पैसे घेत आणि काठमांडूत आणून त्याच पोराला परदेशी दात्यांपुढे अनाथ म्हणून उभे करीत. बालगृहे वाढली तीही काठमांडूच्या खोऱ्यात, पोखऱ्याकडे, चितवनात. म्हणजे जेथे पर्यटक येतात तेथे. गरिबी जेथे सर्वाधिक, त्या डोंगरी जिल्ह्यांत नव्हे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे दगावली, तेव्हा तोच प्रकार पुन्हा घडू नये म्हणून नेपाळ सरकारने पालकांवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई केली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. दुःख मोठे असले की दानही मोठे येते, आणि त्या दानाच्या मागे कोण येईल याचा नेम नसतो.

येथे आमच्यातच वाद झाला. जे स्वतः वसतिगृहात वाढले, त्यांनी बालगृहांविषयी शंका घ्यावी काय? आमच्यापैकी अनेकांचे आईबाप दसरा सरला की ऊसतोडीला जात आणि पाडव्याच्या सुमारास परतत. हे छत्र नसते, तर आम्हीही उसाच्या फडात बैलगाडीमागे चाललो असतो. प्रश्न रास्त होता. परंतु आमच्या प्रवेशअर्जावर वडिलांचे नाव होते, गाव होते, जात प्रमाणपत्र होते. सुट्टी लागली की एस.टी. आम्हांस घरी नेऊन सोडी. पालकभेटीच्या रविवारी माय फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणी, आणि ती फाटकाशी दिसताच सगळा व्हरांडा धावत सुटे. कोणाची माय आली नाही, तर त्यालाही त्यातला घास मिळे. आम्ही गरीब होतो. आम्हांस अनाथ कोणी म्हटले नाही. संस्थेस देणगी मिळावी म्हणून आमच्या आईबापांना कोणी कागदावर मारले नाही.

श्रावस्तीच्या सुदत्त श्रेष्ठीला अनाथपिंडिक म्हणत, म्हणजे अनाथांना अन्न देणारा. तेथे अनाथ म्हणजे केवळ आईबाप नसलेला असा अर्थ नाही. ज्याला कोणाचा आधार नाही, असा कोणीही. त्या अर्थाने तीन लेकरांना घेऊन भूकंपात घर गमावलेली विधवा आईही अनाथच. तिच्या हाती चार पैसे दिले, तर तिची तिन्ही मुले तिच्यापाशी राहतात. मुले नेऊन दूरच्या इमारतीत ठेवली, तर आई गेली आणि खर्चही वाढला. केवळ गरिबीमुळे मुलाला कुटुंबापासून दूर करू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. ज्यांचे खरोखर कोणी नाही किंवा ज्यांना घरातच मार खावा लागतो, अशी मुले असतातच आणि त्यांच्यासाठी चांगले बालगृह लागतेच. त्यांच्याबाबतीतही आजी, मावशी, काका यांचा शोध आधी व्हावा, असे आमचे मत आहे.

अखेर ठरले ते असे. मदत बालगृहाच्या इमारतीस न देता, मुलांना त्यांच्या घरी परत पोहोचवणाऱ्या आणि त्या घराला शाळेची फी, गणवेश, शेळ्या, छपराचे पत्रे यांसाठी साहाय्य करणाऱ्या कामास द्यावी. घरी पोहोचलेल्या मुलाची वर्षभर विचारपूस कोण करते, हा प्रश्न आम्ही प्रथम विचारणार आहोत. त्याचे उत्तर नसेल तेथे पैसे जाणार नाहीत. धर्मादाय संस्थेचा निधी परदेशात खर्च झाल्यास आयकरातील सवलत सहसा मिळत नाही, म्हणून ही वर्गणी विद्यालयाच्या खात्यातून न जाता प्रत्येकाने स्वतःच्या नावे द्यावयाची आहे. ज्यांना सहभागी व्हावयाचे असेल, त्यांनी माजी विद्यार्थी समितीकडे नाव नोंदवावे. मुलांची छायाचित्रे मात्र कोणासही पाठवली जाणार नाहीत.