परत आलेल्यांचं परीक्षण

१६ सप्टेंबर २०२४, एडिसन (न्यू जर्सी)

काल रात्री एमीचा सोहळा शेवटपर्यंत पाहिला. डोळे चुरचुरताहेत, पण चहाबरोबर पेपर हवाच. 'शोगन'ने यंदा एकूण १८ एमी नेले, त्याबद्दल कुणाची तक्रार दिसत नाही. गंमत झाली ती विनोदी मालिकांत. 'द बेअर'ला ११ मिळाले, विनोदी मालिकेसाठी हा उच्चांक, आणि सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा मान मात्र 'हॅक्स'ने पटकावला. शिकागोच्या त्या भटारखान्यातली आरडाओरड पाहून हसू नक्की कुणाला येतं, हे समीक्षक केव्हापासून विचारतच होते.

त्यात आणखी मेख अशी, की हे ११ एमी दुसऱ्या पर्वाचे. तिसरं पर्व जूनमध्ये येऊन गेलं, आणि दुसऱ्याला डोक्यावर घेणाऱ्या बऱ्याच जणांनी तिसऱ्याबद्दल नाक मुरडलं. गोष्ट पुढे सरकत नाही, नुसती सुंदर दिसते, असा एकंदर सूर. मलाही तसंच वाटलं होतं. काल टाळ्या पडत होत्या त्या गेल्या वर्षीच्या कामाला, आणि सभागृहातल्या पुष्कळांना हे ठाऊक असणार.

२३ सप्टेंबर

काल सीबीएसवर नव्या 'मॅटलॉक'चा पहिला भाग. जुनं 'मॅटलॉक' १९८६ ते १९९५ चाललं. राखाडी सुटातला अँडी ग्रिफिथ आमच्या ह्यांना इतका आवडायचा, की ऑफिसात वाद घालताना ते त्याच्यासारखे थबकून बोलत. आता त्या जागी कॅथी बेट्स, वय ७६. मोठ्या वकिली फर्ममध्ये म्हातारपणी नोकरी मागायला आलेली बाई. केस विंचरून, पर्स सांभाळत ती समोरच्याला असं काही गुंडाळते, की बघत राहावं.

पण मला मजा वाटली ती परीक्षणांची. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी असं काही कळतं, की आधीचं सगळंच उलटं होतं. ते सांगायची सोय नाही, आणि ते वगळलं तर मालिकेत नवं काय हे सांगता येत नाही. समीक्षकांची चांगलीच पंचाईत. जो तो बेट्सबाईंचं कौतुक करतो, 'शेवटची काही मिनिटं चुकवू नका' म्हणतो आणि गप्प बसतो. कोणी पुढचे भागही पाहिलेत आणि कोणी एकाच भागावर लिहिलंय, तेही थोडंफार ओळखू येतं. पुढचे पाहिलेला माणूस एवढा खूश नसतो, पण त्याच्या शब्दाला वजन असतं.

शेवटी काय होतं ते इथेही लिहीत नाही. हे बसल्या जागी झोपले होते, आणि ही वही त्यांच्या हाती लागते.

२९ सप्टेंबर

मुलगी आली होती. 'नोबडी वाँट्स धिस' बघायचं ठरलं, कारण तिच्या फोनवर टक्केवारी नव्वदीच्या घरात. तिला म्हटलं, ही टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. शंभरातल्या किती जणांनी 'बरं आहे' म्हटलं, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी 'ठीक, बघण्यासारखं' म्हटलं तरी शंभर टक्के. एकाने जीव ओवाळून टाकला आणि एकाने फाडून खाल्लं, तर पन्नास. मला त्या पन्नासवालीत जास्त रस.

मालिका गोड आहे. रब्बाय आणि पॉडकास्टवाली यांचं प्रेम. जोडी छान जमलीय, यावर सगळ्यांचं एकमत. पण त्यातल्या ज्यू बायका कजाग आणि सुनेला छळणाऱ्याच का, असं विचारणारे लेखही आलेत. मला ते लेख परीक्षणांपेक्षा कामाचे वाटले. मुलगी म्हणाली, "आई, तुमच्या मालिकांतल्या सासवांचं काय?" उत्तर सुचलं नाही.

७ ऑक्टोबर

पुण्याहून ताईचा फोन. 'बिग बॉस मराठी' काल संपलं, सूरज चव्हाण जिंकला. आधीची चार पर्वं महेश मांजरेकरांची, हे पाचवं रितेश देशमुखचं. ताईचं मत असं, की मांजरेकर रागवायचे तेव्हा घरातलं थोरलं माणूस रागावल्यासारखं वाटायचं, रितेश रागावला तरी देखणाच दिसतो. हे तिने कुठे वाचलेलं नाही, तिचं स्वतःचं आहे. मी म्हटलं, पेपरात हे कुणी का लिहीत नाही?

मराठी पेपरात सिनेमाला तारे मिळतात. मालिका सुरू झाली की बातमी, वेळ बदलली की बातमी, नायिका सोडून गेली की मोठी बातमी, आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की पहिल्या पाचांची यादी. पण चारशेवा भाग कसा होता, नवा लेखक आल्यावर संवाद सुधारले की बिघडले, हे लिहायला कुणी नाही. आठवड्याचे सहा दिवस रोज बघून त्यावर लिहायचं म्हणजे माणूस पगारी हवा. तेवढा पगार कोण देणार? ताई फुकट करतेच आहे.

१० ऑक्टोबर

काल 'अॅबट एलिमेंटरी'चं चौथं पर्व सुरू झालं. परीक्षणं थोडकी. पहिल्या पर्वाच्या वेळी रकानेच्या रकाने होते. जी मालिका चांगली होती आणि चांगलीच राहिली, तिच्याबद्दल लिहायचं काय? बिघडलेली मालिका समीक्षकाला शंभर वाक्यं पुरवते.

३१ ऑक्टोबर

आज नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी. दाराशी पोरं गोळ्या मागायला येताहेत, आत चकल्या तळून होताहेत. आणि बातमी अशी, की 'स्टार-लेजर'ची छापील आवृत्ती २ फेब्रुवारीला बंद. मजकूर संगणकावर वाचायचा. मला जमेल, पण ह्यांचं कठीण दिसतं.

नेवार्कचा हा पेपर मी टीव्हीसाठी वाचायला लागले त्याचं कारण 'द सोप्रानोज'. जानेवारी १९९९. टोनी सोप्रानो अंगावर झगा चढवून घराच्या उतारावरून खाली येतो आणि पेपर उचलतो, तो हाच. आणि त्याच पेपरात त्याच मालिकेवर लिहायला दोन माणसं होती, मॅट झोलर साइट्झ आणि अॅलन सेपिनवॉल. मालिकेत दिसणारा रस्ता, दुकान, पूल त्यांच्याही ओळखीचा आणि वाचकांच्याही. न्यूयॉर्कच्या पेपरांनी मालिकेला थोर म्हटलं. हे दोघे तिच्याशी शेजाऱ्यासारखे बोलत. पुढे २०१९ मध्ये दोघांनी मिळून या मालिकेवर जाडजूड पुस्तकही काढलं.

१० जून २००७ची रात्र आठवते. शेवटच्या भागात सोप्रानो कुटुंब उपाहारगृहात बसलंय, मुलगी दाराशी पोचतेय, आणि पडदा एकदम काळा. हे उठले आणि केबलचा डबा ठोकायला लागले. त्या रात्री अख्ख्या अमेरिकेत डबे ठोकले गेले. मालिकेचे कर्ते डेव्हिड चेस तेव्हा फ्रान्सला निघून गेले होते. त्यांनी मुलाखत दिली ती एकट्या सेपिनवॉलला, आणि तीही आधीच ठरवून. दोन दिवसांत आम्ही ती पेपरात वाचली. त्या शेवटाचा अर्थ उलगडून सांगायला चेस यांनी त्यात साफ नकार दिला. देशभरातल्या बड्या पेपरांना जे मिळालं नाही ते टोनीच्या पेपराला मिळालं, याचा आमच्या गल्लीत केवढा अभिमान!

सेपिनवॉलने २०१० मध्ये पेपर सोडला. त्याचं लिहिणं मला लागायचं ते निकालासाठी नव्हेच. रविवारी रात्री भाग बघायचा, मग त्याने काय पाहिलं ते वाचायचं आणि मनातल्या मनात भांडायचं. गेल्या आठवड्यात स्वतःच मांडलेला अंदाज पुढच्या आठवड्यात तो खुशाल मोडीत काढी. नवी मालिका कशी आहे हे कुणीही सांगेल. पाचव्या वर्षी तिच्यात काय बदललं, हे सांगायला पाच वर्षं तिच्यासोबत काढलेला माणूस लागतो.

१५ डिसेंबर

वर्षअखेरच्या याद्यांचे दिवस. सगळ्यांचे 'पहिले दहा'. या याद्यांनी प्रेक्षक वाढतात यावर माझा विश्वास नाही. 'द वायर'चं काय झालं? २००६ मध्ये एचबीओने चौथ्या पर्वाचे १३च्या १३ भाग समीक्षकांना आधीच धाडले. त्यांनी ते पाहून टीव्हीवरची सर्वोत्तम मालिका म्हणून गौरवलं, तरी बघणारे थोडेच राहिले. पाच पर्वं, ६० भाग, आणि एमी एकही नाही.

पण परीक्षणांनी एक होतं. चॅनलवाल्यांना मालिका मारायची लाज वाटते. 'चिअर्स' १९८२ मध्ये आली तेव्हा प्रेक्षकसंख्येत तळाशी होती, 'हिल स्ट्रीट ब्लूज'ची १९८१ मधली सुरुवातही रडतखडत. दोन्ही एनबीसीच्या, दोन्ही समीक्षकांच्या लाडक्या. दुसरीला तर पहिल्याच वर्षी ८ एमी. एनबीसीकडे दुसरं काही धड चालत नव्हतं हेही खरं, पण त्यांनी धीर धरला. १९९३ मध्ये 'चिअर्स' संपली तेव्हा आठ कोटींहून जास्त लोक बघत होते.

२ फेब्रुवारी २०२५

आज शेवटचा छापील 'स्टार-लेजर'. कालच जर्सी सिटीचा 'जर्सी जर्नल' कायमचा बंद झाला, १८६७ पासूनचा. ह्यांनी दोन प्रती आणल्या, एक वाचायला. दुसरी कशाला, ते सांगत नाहीत.

८ फेब्रुवारी

'सेव्हरन्स' जवळजवळ तीन वर्षांनी परत आलीय, दर शुक्रवारी नवा भाग. जवळपास प्रत्येक परीक्षणाचा पहिला परिच्छेद आधी काय घडलं होतं हे आठवून देण्यातच संपतो. समीक्षकांनाही पुन्हा बघावं लागलं असणार. मुलीने विचारलं, थेट दुसरं पर्व लावलं तर चालेल का? मी नको म्हटलं. ह्यांना पहिल्या पर्वातलं फक्त लिफ्ट आठवतेय. पहिल्या पर्वाचे नऊ भाग, रोज एक लावला तर पुढच्या सोमवारपर्यंत होतील. शेवटचा भाग २१ मार्चला आहे, तोवर आरामात गाठू. आज जेवणं लवकर उरकायची.